वर्दी देणाऱ्याचं नातं

१

लोकांचे पणजोबा कधी मेले ते शोधून देणं हे माझं काम आहे. भांडुपला माहेरी कुणी विचारलं तर आई नुसतं "कल्पिता कॉम्प्युटरवर असते" म्हणून विषय संपवते. मेलेल्यांची कामं करते असं सांगितलं तर हळदीकुंकवाला कोण बोलावणार?

काम साधं आहे. परदेशात राहणाऱ्या लोकांना आपली वंशावळ फ्रेम करून दिवाणखान्यात लावायची असते. जुन्या मृत्यूनोंदी स्कॅन करून त्यांची एक सूची इंटरनेटवर टाकलेली आहे. नाव, बापाचं नाव आणि गाव टाकलं की ओळी येतात. वय, पत्ता, कारण, आणि शेवटी वर्दी कोणी दिली आणि त्याचं मयताशी नातं काय. प्लेग, देवी, बाळंतपण, ताप. ताप हे फार सोयीचं कारण होतं तेव्हा. कुणालाही लागू पडायचं.

आमची खोली चारकोपला, म्हाडाच्या बैठ्या घरांच्या ओळीत. दारासमोर एक पायरी, आणि पायरीपुढे लगेच गल्ली. सासूबाई, म्हणजे कमळ तांडेल, पहाटे पाटी घेऊन मासळी आणायला निघतात आणि दुपारपर्यंत बाजारात बसतात. त्या परत येईपर्यंत माझे तीन-चार मेलेले सापडलेले असतात. मग आम्ही जेवतो. त्या मासळीचे भाव सांगतात, मी काहीच सांगत नाही.

आधी आम्ही तिघं जेवायचो. प्रज्योत, माझा नवरा, मनोरीच्या बोटीवर जायचा. बेल त्यानं कधी वाजवली नाही. दोन्ही हातांत पिशव्या असायच्या, म्हणून करंगळीचं नख सेफ्टी डोअरच्या जाळीवरून खाली ओढायचा. टर्रर्र. मी ओरडायचे, "जाळीचा रंग जातोय रे!" आणि दार उघडायचे.

दिवाळीनंतर बोट गेली ती एक माणूस कमी घेऊन आली. रात्री जाळं ओढताना प्रज्योत होता, सकाळी चहाच्या वेळी नव्हता. एवढंच मला सांगण्यात आलं, आणि खरं म्हणजे एवढंच कुणाला माहीत होतं. मला रडू आलं नाही. आता येईल, मग येईल, अशी मी रडण्याचीच वाट बघत राहिले.

२

माघात सासूबाईंनी पुतळ्याचं काढलं. ज्याचं प्रेत मिळत नाही त्याचा दर्भाचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, अंगावर त्याचाच कपडा घालायचा आणि रीतसर जाळायचं.

"मोकला करू त्याला," त्या म्हणाल्या.

मी नको म्हणाले. मनोरीतलाच एक जण सगळ्यांना ठाऊक होता. बोट हद्दीपलीकडे गेली म्हणून पकडला गेला आणि चार वर्षं परक्या तुरुंगात काढून एक दिवस हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन घरी आला. तसं होऊ शकत होतं. शंभरात एकदा का होईना, पण होऊ शकत होतं. त्या एकावर मी जगत होते असं म्हणणं जास्त होईल, पण त्या एकासाठी मी त्याची चप्पल दाराशी ठेवली होती.

भटजी घरी आले. माणूस शांत होता, दम्याचा. मी त्यांना सरळ विचारलं, "आणि पुतळा जाळल्यावर तो परत आला तर?"

"मग त्याला तसाच घरात घेता येत नाही," ते म्हणाले. "आपल्या लेखी तो गेलेला. त्याला पुन्हा जन्मावं लागतं. न्हाऊ घालायचं, पाळण्यात घालायचं, नवं नाव ठेवायचं. मग तो तुमचा."

चौतीस वर्षांचा प्रज्योत पाळण्यात, पाय बाहेर लोंबकळतायत. मला एकदम हसू फुटलं. भटजीही हसले. सासूबाई हसल्या नाहीत.

भटजींना घरातल्या पाण्यात गेलेल्या पुरुषांची नावं आणि तिथी हव्या होत्या. सासूबाईंनी नावं सांगितली. त्यांचे यजमान अनंता, अनंताचे वडील दशरथ, दशरथचे वडील शिवदास. तिघंही समुद्रात. तिघांचेही पुतळेच जाळलेले. लग्नाआधी मला फक्त अनंतांचं सांगितलं होतं. असू दे. लग्न जमवताना कोण सगळं सांगतं?

"आणि तिथी?"

"मना ठाव नाय."

"मी शोधते," मी म्हणाले. निदान त्या निमित्तानं दोन दिवस पुढे ढकलले जातील असं वाटलं.

३

दशरथ शिवदास तांडेल टाकलं. काही नाही. अनंता दशरथ तांडेल टाकलं. काही नाही. ते बरोबरच होतं. प्रेत नाही तर नोंद कुठली? शिवदासचंही काही येणार नाही हे धरूनच मी नाव टाकलं आणि चहा गाळायला उठले.

परत आले तर तीन ओळी होत्या.

शिवदास अंबादास तांडेल. शिवदास अंबादास तांडेल. शिवदास अंबादास तांडेल.

सत्तेचाळीस साल, अडुसष्ट साल, एक्क्याण्णव साल. पहिल्या नोंदीत वय अडतीस, दुसरीत तीस, तिसरीत एकोणतीस. माणूस मरताना तरुण होत चालला होता. कारण तिन्हीकडे एकच, बुडून.

मी नमिताला फोन लावला. ती माझ्यासोबत हेच काम करते, घाटकोपरहून. 

"यार, डुप्लिकेट असेल ना," ती म्हणाली. "टायपिंगवाल्यांनी वाट लावलीय त्या सूचीची. परवा मला एक बाई बाळंतपणात गेलेली मिळाली, वय ऐंशी."

"वर्षं वेगळी आहेत गं."

"मग एकाच नावाची तीन माणसं. तुमच्यात आज्याचं नाव नातवाला ठेवत नाहीत का?"

"बापाचं नावही तेच?"

"कल्पिता, तू जेवलीस का?" तिनं विचारलं. लोक हल्ली मला हेच विचारून विषय बदलतात.

फोन ठेवून मी ओळी उघडून पाहिल्या. पहिला पत्ता मनोरीचा, जेट्टीजवळच्या घराचा. दुसरा मालवणीचा. सासरचे मधली काही वर्षं मालवणीला राहत होते हे मला माहीत होतं. तिसरा पत्ता मी वाचला आणि परत वाचला. सेक्टर आमचा, प्लॉट आमचा, खोली आमची. मृत्यूचं ठिकाण, राहत्या घराची पायरी.

म्हणजे मी बसले होते तिथून चार हातांवर एक माणूस पाण्यात बुडून मेला होता. आमच्याकडे पाणी तेव्हाही सकाळी एक तास येत असणार.

शेवटच्या रकान्यात वर्दी देणारीचं नाव होतं. पहिल्या नोंदीत शकु, दुसरीत विमला, तिसरीत कमळ. नातं तिन्ही ठिकाणी एकच लिहिलं होतं.

शेजारीण.

४

सासूबाई मोरीत बसून बोंबील साफ करत होत्या. मी दाराला टेकून उभी राहिले.

"आई, शकु म्हणजे शिवदासांची बायको ना?"

"हो. आजेसासू माझी."

"आणि विमला?"

"सासू." सुरी थांबली नाही. "कनाला इचारतेस?"

"एक्क्याण्णव साली आपल्या पायरीवर शिवदास नावाचा माणूस मेला. वर्दी तुम्ही दिलीत. शेजारीण म्हणून."

त्यांनी एक बोंबील पोट फाडून, धुऊन ताटलीत ठेवला. मग दुसरा घेतला. बोंबील फार मऊ असतो, घाईनं धरला तर हातात लगदा येतो. त्यांचा एकही बिघडला नाही.

"तुज्या त्या मशीनमदी हे पन हाय?" त्या म्हणाल्या.

"कोण होता तो?"

"पुतला जालायला पायजे, कल्पे. लौकर. नाय जालला तर तो आत येल. जालला तर पायरीवर रेल."

"कोण पायरीवर राहील?"

"शकुआजीनं आत घेतलेला. एक रात."

"मग?"

सासूबाईंनी नळ सोडला. पाणी त्या वेळी नसतं, नुसती हवा सुटली. त्या ती हवा ऐकत बसल्या आणि मग म्हणाल्या, "तिला दोन पोरगं होती तवा. माझा सासरा एकलाच मोठा जाला."

मी सुशिक्षित बाई आहे. दुःखानं माणसं काय काय रचतात ते मी रोज बघते. एका घरात तीन पुरुष बुडाले तर त्या घराला स्वतःची एखादी गोष्ट लागणारच. असं मी स्वतःला समजावलं आणि ते मला पटलंही. तरी संध्याकाळी भटजींना द्यायला मी कपाटातून प्रज्योतचा शर्ट काढला. निळ्या चौकड्यांचा. त्याच्या डाव्या बाहीचं बटण तुटलं होतं आणि घरात निळा दोरा नव्हता म्हणून मी लाल दोऱ्यानं लावून दिलं होतं. तो म्हणाला होता, "झकास, आता हरवलो तरी तू ओळखशील."

मी नको म्हणायचं कधी थांबवलं ते मला आठवत नाही.

५

मनोरीच्या किनाऱ्यावर, वस्तीपासून लांब, सकाळी सगळं झालं. पुतळा माणसाएवढा नव्हता, शर्ट त्याला फारच मोठा झाला. बाह्या रिकाम्या होत्या. भटजींनी त्या दुमडायला सांगितल्या, मी दुमडल्या. लाल दोरा आत गेला.

नारळ फुटल्याचा आवाज झाला तेव्हा जमलेल्या बायका रडायला लागल्या. कुणीतरी माझी टिकली काढली. मला अंगठ्याचा खरखरीतपणा तेवढा जाणवला. शर्ट जळताना मी बघत होते. पूर्ण जळाला. हे मी मुद्दाम लिहिते आहे. काठीनं राख उलटली तेव्हा कापडाचा एक धागाही उरला नव्हता.

येताना मार्वेच्या बोटीत सासूबाई पाण्याकडे पाठ करून बसल्या. घरी आल्यावर त्यांनी माझ्या टेबलाच्या खणातून टिकल्यांचं पाकीट काढलं. वाटलं, टाकून देणार. त्यांनी त्यातली सगळ्यात मोठी टिकली काढली आणि दाराला बाहेर बघायचं भिंग असतं त्याच्यावर चिकटवली. बोटानं दाबून.

"आई, हे काय?"

"अर्थ लाव मनाला वाटेल तो," त्या म्हणाल्या. "पन काडू नको."

चप्पलही त्यांनी आत घेतली.

६

त्यानंतर बरेच दिवस काही झालं नाही. मी कामाला लागले. एका बाईचे पणजोबा मुलुंडला तापानं गेले होते, ते शोधून दिले. तिनं आनंदाचे तीन बदाम पाठवले.

मग एका दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. भर दुपार होती. गल्लीत भंगारवाला ओरडत गेला, शेजारच्या माधुरीताईंकडे कुकरची शिटी झाली. सासूबाई कोलंबीचा भाव सांगत होत्या. बोलता बोलता थांबल्या.

टर्रर्र.

जाळीवरून नख, वरून खाली.

माझा हात वाटीत होता. मी उठले नाही. तीन महिने मी या एका आवाजासाठी कान लावून होते, दूधवाल्याच्या किटलीला फसले होते, मांजराला फसले होते. आणि आता तो आला होता तर मला उठायचंच नव्हतं.

टर्रर्र.

"कल्पी," बाहेरून आवाज आला. "उघड ना गं. भूक लागलीय."

आवाज त्याचाच. थोडा जड, सर्दी झाल्यावर असायचा तसा. माझ्या डोक्यात एका क्षणात सगळं येऊन गेलं. तुरुंग, प्लास्टिकची पिशवी, शंभरात एक. भटजी काय म्हणाले होते? न्हाऊ घालायचं, पाळण्यात घालायचं. हसण्यासारखं काही नव्हतं त्यात. करता आलं असतं.

सासूबाई उठल्या. दाराशी गेल्या आणि पाठ लावून उभ्या राहिल्या. पोटचा एकुलता एक मुलगा बाहेर आणि त्या दाराला टेकलेल्या. डोळे मिटले होते. खरकटा हात त्यांनी अंगापासून लांब धरला होता.

"आई, प्रज्योत आहे."

"हाय," त्या म्हणाल्या. "आवाज त्याचाच असतो."

दाराच्या फटीखालून पाणी आत आलं. जास्त नाही, लादी पुसल्यावर राहतं तेवढं. त्याला किनाऱ्याचा वास होता. मी त्यात पाय पडू नये म्हणून कडेकडेनं खिडकीपाशी गेले. मला एकदाच बघायचं होतं. तो जिवंत असेल तर कळेल. जिवंत माणूस कळतोच की.

खिडकीतून पायरीचा फक्त एक कोपरा दिसतो. तिथं एक बाही दिसली. निळे चौकडे. चिंब ओली. मनगटाशी दुमडलेली, मी दुमडली होती तशी, आणि दुमड ओघळून सुटत होती. आत लाल दोरा होता.

बाही वर जाळीकडे गेली. टर्रर्र.

"कल्पी, आई आहे का गं आत?"

मी पडदा सोडला. मग जमिनीवर बसले, ताट पुढे ओढलं आणि भात कालवला. खाल्ला नाही. पण कालवत राहिले. दार उघडावं असं मला वाटत नव्हतं. हेच मला सांगायचं आहे, कारण लोकांना वाटेल की सासूबाईंनी मला अडवलं. त्यांनी अडवलं नाही. त्या डोळे मिटून उभ्या होत्या, मी त्यांना एका हातानं बाजूला करू शकले असते.

तो दिवे लागेपर्यंत बोलत होता. ओरडला नाही, शिवी दिली नाही. नुसतं विचारत होता, आणि विचारताना त्याच्या तोंडात पाणी भरल्यासारखं होत गेलं. मग ते थांबलं.

७

सकाळी दार सासूबाईंनीच उघडलं. मी चादर दिली. त्यांनी ती पायरीवर पसरली आणि चारी बाजूंनी दाबून घेतली. एक बाही बाहेर राहिली होती, ती मी पायानं नाही, हातानं आत ढकलली. थंड होती आणि आत हात होता. माधुरीताईंनी त्यांची खिडकी आवाज न करता लावून घेतली. त्या या ओळीत तेहतीस-चौतीस वर्षं राहतायत.

पोलीस आला तो नवा होता, सौरभ की काय नाव छातीवर. चादर उचलून त्यानं बघितलं आणि लगेच रुमाल नाकाला लावला.

"हा किती दिवस पाण्यात होता," तो म्हणाला. "चेहरा काहीच राहिला नाहीये. इथं कोणी आणून टाकला? नाला तरी आहे का जवळ?"

"नाही," मी म्हणाले.

"ओळखता का तुम्ही?"

सासूबाई माझ्या जवळ आल्या. त्यांनी मला धरलं नाही, पण त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागला. हळू आवाजात, नेहमी भाव सांगतात त्याच आवाजात त्या बोलल्या.

"आपला मानूस जाललाय, कल्पे. तो दोनदा कसा मरेल? पन बिननावाचा नको जायाला. घरातला जुना नाव सांग. मी पन तोच सांगला. अनंताच्या वक्ताला."

मग मला त्या तीन ओळी समजल्या. माणूस तरुण का होत गेला तेही समजलं. मी रोज अशा शंभर ओळी वाचते, आणि प्रत्येक वर्दीमागे कोणीतरी असं दारात उभं असणार हे मला कधी सुचलं नव्हतं.

"मॅडम, नाव माहीत आहे का?"

"शिवदास," मी म्हणाले. "शिवदास अंबादास तांडेल."

"वय?"

"चौतीस."

त्यानं लिहून घेतलं. पेन चालत नव्हतं, त्यानं ते झटकलं. चादरीखालून पाण्याची एक बारीक धार निघून माझ्या चपलेपर्यंत आली आणि तिथं थांबली. आणि तेव्हा, इतके महिने ज्याची मी वाट बघत होते ते रडू आलं. पोटातून, एकदम, उलटी यावी तसं. मी ओढणी तोंडात कोंबली. परक्या माणसासाठी बाई एवढी रडत नाही.

"तुमचं नातं काय मयताशी?"

मी ओढणी काढली.

"शेजारीण," मी म्हणाले.